माणशी तीन लिटर

उन्हाळ्याची सुट्टी शाळेबरोबरच संपते, असं सगळे सांगतात. साफ खोटं! सुट्टी संपते, उन्हाळा संपत नाही. उलट कमवायला लागल्यावर त्याला खरा जोर चढतो. मार्चएण्डची धावपळ आटोपली की कुणीतरी ग्रुपवर मेसेज टाकतं, 'मग? यंदा काय?' आणि बघता बघता जूनपर्यंतचे शनिवार-रविवार धडाधड बुक होतात. मधल्या पाच दिवसांत डेडलाइन, चुलतबहिणीचं लग्न, लाइट गेल्यावर लॅपटॉप घेऊन शेजारणीकडे पळणं, आईने पाठवलेल्या पेटीतले आंबे सडायच्या आत संपवणं वगैरे किरकोळ गोष्टी उरकायच्या. सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये नाकाचा शेंडा सोललेला एखादा जीव दिसला तर ओळखावं... आपल्यातलाच आहे!

यंदाचा आमचा प्लॅन असा होता : एप्रिलमध्ये राजगड, मेच्या सुरुवातीला कोलाडला राफ्टिंग, आणि मेअखेर भंडारदऱ्याकडे काजवे अधिक सांदण दरी. गँग पाच जणांची. दोघं आयटीत, एक बँकेत, एक फिजिओथेरपिस्ट आणि लेख लिहून भाडं भरणारी मी. बँकवाला आमचा स्वयंघोषित लीडर. प्रत्येक ट्रिपच्या आधी त्याचा मेसेज ठरलेला. टॉर्च, टोपी, कोरडा खाऊ, जुने बूट. आणि शेवटची ओळ, 'पाणी माणशी तीन लिटर. कंपल्सरी. वाद नको.'

इतकी वर्षं ही ओळ मी वाचून सोडून देत होते. बाटल्या भरायच्या, विषय संपला. यंदा मात्र ती डोक्यात जाऊन बसली ती बसलीच.

सुरुवात राजगडाने झाली. उन्हाळ्यात गड चढायचा फण्डा सोपा आहे. अंधारात निघायचं आणि ऊन डोक्यावर यायच्या आत खाली. आम्ही पहाटे गुंजवण्यात पोचलो, टॉर्चच्या उजेडात चोरदरवाज्याची वाट धरली आणि सूर्य वर आला तेव्हा पद्मावती माचीवर डब्यातले पोहे खात बसलो होतो. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात राजगड आहे. त्यामुळे रीलवाल्यांची गर्दी वाढलीय. सगळ्यांचे मोबाइल बालेकिल्ल्याकडे. मी मात्र पद्मावती तळ्याच्या काठावर बसून हिशेब करत होते. शिवाजी महाराजांची राजधानी इथे जवळपास पंचवीस वर्षं होती. राजधानी म्हणजे माणसं आली, जनावरं आली, बांधकामं आली. एवढ्यांना चैत्र-वैशाखात माणशी तीन लिटर कुठून मिळत असेल?

याचं उत्तर आपल्या मराठीतच लिहून ठेवलेलं आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ले कसे बांधावेत याचं अख्खं प्रकरण आहे. त्याचा सारांश सांगायचा तर, आधी पाणी बघा, मग किल्ला. जागा मोक्याची आहे पण पाणी नाही, तर कातळ फोडून टाकी-तळी करा. एखादा झरा आहे म्हणून त्याच्या भरवशावर निर्धास्त राहू नका. आजच्या भाषेत बॅकअप! समुद्रात उभ्या असलेल्या सिंधुदुर्गाच्या पोटातसुद्धा दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. १६६४ मध्ये तो किल्ला बांधायला घेतला, तेव्हा चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोडं, ही चैन नव्हती. जगायची अट होती.

हे सगळं ज्ञान मी गँगला ऐकवलं. 'लेख पाड यावर,' असं म्हणून सगळे उठले.

उतरताना साडेदहा वाजले होते. आयटीवाल्यांपैकी एक, रोज जिमला जाणारा, आमच्यातला सगळ्यात फिट, अचानक गप्प झाला. मग म्हणाला, डोकं ठणकतंय. मग ओकारी. मग पाय लटपटायला लागले आणि काय बोलतोय ते त्याचं त्यालाच कळेना. आमच्या फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीचा चेहरा बदलला. तिने त्याला झुडपाच्या सावलीत आडवं केलं, बूट-मोजे काढले, शर्टाची बटणं सोडली आणि म्हणाली, 'पाणी!'

पाच जणांच्या बाटल्यांमध्ये मिळून जेमतेम एक लिटर उरलं होतं. चढताना प्यायलो होतो, वर एका कुटुंबातल्या लहान मुलांना दिलं होतं. एक लिटर पाजायला पुरतं, माणूस भिजवायला नाही. आणि अशा वेळी नुसतं पाजून भागत नाही. अंगावरचा घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होतं. ते यंत्रच बिघडलं की बाहेरून ओलं करावं लागतं. मान, काखा, जांघा ओल्या करायच्या आणि वारा घालायचा.

वळणावर एक काकू लिंबूसरबत घेऊन बसल्या होत्या. प्लॅस्टिकचा कॅन, एक हंडा, बरणीत साखर-मीठ. थोड्याच वेळापूर्वी आमच्या पुढच्या ग्रुपने त्यांच्याशी भावावरून हुज्जत घातली होती, 'खाली वीसला मिळतं!' काकूंनी आमच्याकडे एकदा बघितलं, हंडा उचलला आणि थेट त्याच्या डोक्यावर, छातीवर ओतायला सुरुवात केली. माझी ओढणी भिजवून त्याच्या मानेखाली घातली. मग मीठ-साखर जास्त घालून सरबत केलं आणि दरडावलं, 'घोट घोट पी. गटागटा न्हाई.'

वीस-पंचवीस मिनिटांनी तो नीट बोलायला लागला. त्याचा पहिला प्रश्न, 'माझा मोबाइल कुठंय?' तेव्हा आम्ही हसलो आणि फिजिओथेरपिस्ट मात्र बाजूला जाऊन रडली. नंतर तिने सांगितलं की उष्माघात अर्ध्या तासात माणूस नेऊ शकतो. तिथून दवाखाना गाठायला त्याहून जास्त वेळ लागला असता.

हंडा रिकामा झाला होता. आम्ही पैसे पुढे केले तर काकूंनी सरबताचेच घेतले. 'पाण्याचं काय घ्यायचं?' म्हणाल्या. मी विचारलं, 'हे पाणी आणता कुठून?' त्यांनी हनुवटीनेच खालचं गाव दाखवलं, 'खालनं. सकाळच्याला दोन खेपा.'

म्हणजे ज्या वाटेवर आम्ही तीन लिटरच्या ओझ्याने कुरकुरत होतो, तिथून या बाई डोक्यावर हंडा घेऊन रोज दोनदा चढत होत्या. आणि आज एक अख्खी खेप त्यांनी एका अनोळखी पोराच्या अंगावर ओतून टाकली होती. वीस आणि तीसमधला दहा रुपयांचा फरक कशाचा, हे मला त्या वळणावर कळलं.

सोमवारी गाडी पुन्हा रुळावर. आमची सोसायटी पुण्याच्या कडेला नव्याने वसलेल्या उपनगरात आहे. क्लबहाउस आहे, जिम आहे, दोन-दोन पार्किंग आहेत. एप्रिल लागला की पाणी टँकरचं. मी घरून काम करते, त्यामुळे टँकरचं वेळापत्रक मला मुखपाठ आहे. दहा हजार लिटरचा एक, असे दिवसाला अनेक. पाइप लावल्याचा खडखडाट, मग मोटरची घरघर. ऑफिसला जाणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही. त्यांना फक्त महिनाअखेर मेंटेनन्सचा आकडा दिसतो आणि मग ग्रुपवर युद्ध पेटतं.

यंदाच्या युद्धाचा विषय वेगळा होता. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी संध्याकाळी जाताना माझ्या किचनमधून पाच-पाच लिटरचे दोन कॅन भरून नेतात. त्यांच्या वस्तीत उन्हाळ्यात नळाला पहाटे पाणी येतं, तेही तासभर. तेव्हा रांगेत उभं राहायचं की पोराचा डबा करायचा, हा त्यांचा रोजचा पेच. इतरही काही घरांतल्या बायका असंच नेतात. मेच्या पहिल्या आठवड्यात वॉचमनने गेटवर कॅन अडवले. म्हणाला, कमिटीची ऑर्डर आहे. ग्रुपवर मेसेज आला, 'टँकरचं पाणी सभासदांच्या पैशाचं आहे. कामवाल्यांनी बाहेर नेऊ नये. विषय येत्या मीटिंगमध्ये.' खाली बारा अंगठे.

मावशी दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने गेल्या. काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, 'ताई, मी उद्यापासून जरा उशिरा येईन. सकाळचं पाणी भरावं लागंल.'

त्याच शनिवारी आम्ही कोलाडला होतो. लाइफ जॅकेट, हेल्मेट, वल्ही, 'फॉरवर्ड! फॉरवर्ड!' आणि तोंडावर आदळणाऱ्या कुंडलिकेच्या लाटा. धम्माल! पण मेच्या रणरणत्या उन्हात, कोकणातल्या बाकीच्या नद्या दगडगोट्यांचं पात्र उघडं टाकून पडलेल्या असताना, एकट्या कुंडलिकेत एवढं पाणी कुठून? आमच्या राफ्टचा गाइड म्हणाला, 'वीजघराचं पाणी. सकाळी सोडतात, म्हणून राफ्टिंग सकाळीच.'

ही गोष्ट पुणेकरांनी तर मुद्दाम ऐकावी अशी आहे. घाटावर मुळशीला मुळा नदीवर धरण आहे. मुळा खरं तर पूर्वेला, पुण्याकडे वाहणारी. पण टाटांच्या वीज प्रकल्पासाठी तिचं अडवलेलं पाणी पश्चिमेला वळवून घाटाखाली भिऱ्याला सोडतात आणि त्या उंचीवर वीज तयार होते. भिऱ्याचं वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं. तिथून ते पाणी कुंडलिकेत येतं आणि शंभर वर्षांनी आपण त्यावर वल्ही मारतो.

या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. भाताची खाचरं, घरंदारं सगळं पाण्याखाली जाणार होतं. त्यांचं नेतृत्व करणाऱ्या पांडुरंग महादेव बापटांना लोक 'सेनापती' म्हणायला लागले ते याच लढ्यापासून. होय, तेच. ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर आपण मॉलमध्ये जातो, इंटरव्ह्यू देतो आणि ज्याला सगळे 'एस. बी. रोड' म्हणतात, ते सेनापती बापट! धरण झालंच. मुंबईला वीज मिळाली आणि मुळशीचे शेतकरी विस्थापित झाले.

हे सांगितल्यावर राफ्टमध्ये दोन मिनिटं शांतता. मग आयटीवाला म्हणाला, 'तू कुठल्याही गोष्टीचा मूड घालवतेस.' पण परतीच्या वाटेवर तोच मोबाइलवर मुळशीचा नकाशा उघडून बसला होता. पाणी कुणाकडून निघतं आणि कुणाकडे पोचतं, याचा नकाशा एकदा डोळ्यासमोर आला की मग तो मिटत नाही, हे खरं.

मेअखेर आम्ही भंडारदऱ्याच्या परिसरात पोचलो. १९२६ मध्ये पूर्ण झालेलं प्रवरेवरचं हे दगडी धरण अजून दिमाखात उभं आहे. पलीकडे रतनगड, अलीकडे कळसूबाई, म्हणजे १६४६ मीटर उंचीचं महाराष्ट्राचं छप्पर. जवळच्या घाटघरचा पाऊस तर प्रसिद्धच. पावसाळ्यात इथे दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही.

आणि आम्ही ज्या वाडीत उतरलो होतो, तिथली सून दुपारी दोन हंडे घेऊन निघाली होती. विहीर आटलेली, आता लांबच्या झऱ्यावर जायचं. एवढा पाऊस पडूनही? तिच्या सासऱ्यांनी अंगणातल्या दगडावर पाय आपटला, 'खाली समदा खडक. पानी थांबतंय कुठं?' बरोबरच आहे. तीव्र उतार, खाली कठीण कातळ. पाऊस येतो तसा धावत सुटतो. तो धरणात साठतो आणि कालव्यांनी खालच्या उसाच्या पट्ट्यात जातो. जिथे पडतो, तिथे मेमध्ये हंडे फिरतात.

मी तिच्याबरोबर गेले. एक हंडा घेतला तर पहिल्या शंभर पावलांतच मान आखडली. ती हसली. म्हणाली, 'तुम्ही गड चढता ना? मग हे काय अवघड?'

शहरांच्या पाणीयोजना आखताना आपल्याकडे माणशी रोज १३५ लिटर धरतात. खेड्यांसाठी २०१९ च्या जलजीवन मिशनने धरले ५५. जुन्या फ्लशच्या टाकीचं बटण एकदा दाबलं की दहा लिटरच्या आसपास जातात. डोक्यावरचा हंडाही साधारण तेवढ्याचाच. म्हणजे माझ्या बाथरूममधला एक फ्लश म्हणजे तिची एक खेप. हे गणित करायला मास कॉमची डिग्री लागत नाही, मान आखडावी लागते.

रात्री काजवे बघायला निघालो. गाववाले आधीच बजावतात : टॉर्च बंद, फ्लॅश बंद, गाडीचे दिवे बंद. कारण चमकणं हा काजव्यांचा खेळ नाही, निरोप आहे. नर चमकून मादीला साद घालतो आणि ती तिथूनच उत्तर देते. या चमचमाटासाठी त्यांच्याकडे मोजके दिवस असतात. मधे आपला एलईडी पेटला की निरोप तुटतो. त्या रात्री एक गाडी हेडलाइट चालू ठेवून बराच वेळ उभी होती. ती गेली, डोळे अंधाराला सरावले आणि मग समोरचं अख्खं झाड एकदम पेटलं, विझलं, पुन्हा पेटलं. आमच्यातलं कुणीही फोटो काढला नाही. आमच्या गँगच्या इतिहासातला हा विक्रम असावा.

पहाटे साम्रदहून सांदण दरीत उतरलो. जमिनीला मधोमध चीर पडावी तशी ही घळ. दोन्ही बाजूंना शेकडो फुटी कातळभिंती, मधली वाट काही ठिकाणी जेमतेम माणूस जाईल एवढी. पावसाळ्यात हीच वाट म्हणजे पाण्याचा लोंढा, तेव्हा इथे पाऊल ठेवायचं नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरतं म्हणून दरी आपल्याला आत घेते. तरीही मेमध्ये सावलीतल्या एका डोहात कमरेएवढं गार पाणी होतं. बॅग डोक्यावर धरून ते ओलांडताना सगळे किंचाळत होते. मी खिदळतही होते आणि मनात म्हणतही होते, वर हंडे फिरतायत आणि खाली हे इथे अडकून बसलंय!

सोसायटीची मीटिंग पुढच्या रविवारी होती. क्लबहाउसमध्ये एसी, टेबलावर पाण्याच्या छोट्या बाटल्या. कॅनचा विषय निघाला. मी भाषण केलं नाही. फक्त आकडे सांगितले. मावशींचे रोजचे दहा लिटर. टँकर दहा हजाराचा. हजारातला एक भाग. आमच्या विंगमध्ये पाइप लावून गाड्या धुतल्या जातात तो पाइप बंद करून बादली घेतली, तर सगळ्या मावश्यांचे कॅन भरून उरतील. शिवाय नळांना एरेटर बसवा, ओव्हरफ्लोला अलार्म लावा, फ्लशच्या टाक्या बदला.

एका काकांनी विचारलं, 'पण प्रश्न प्रिन्सिपलचा आहे. आज दहा लिटर, उद्या पन्नास?' मी म्हटलं, 'काका, डोक्यावर पन्नास लिटर नेऊन दाखवा.' काही जण हसले, काकांना राग आला. राजगडावर ओल्या ओढणीवर पडलेला आयटीवाला आमच्याच सोसायटीत राहतो. तो एरवी मीटिंगला कधीच येत नाही. त्या दिवशी मागच्या खुर्चीवरून उठून त्याने हंड्याची गोष्ट सांगितली. जशी घडली तशी, मसाला न लावता. सांगताना त्याचा आवाज जरा बसला.

निर्णय? आपल्याकडे होतो तसाच. एरेटर मंजूर. बादली 'ऐच्छिक'. कॅनचा विषय पुढच्या मीटिंगला ढकलला. तोवर जुनं चालू द्या, असं सेक्रेटरी पुटपुटले आणि वॉचमनने ते आमच्याआधी ऐकलं. दुसऱ्या संध्याकाळी मावशी दोन्ही कॅन घेऊन गेटमधून गेल्या. पुढच्या मीटिंगच्या आत पाऊस आला.

आता ग्रुपवर धबधब्यांचे फोटो पडतायत आणि पावसाळी ट्रेकची आखणी सुरू झालीय. यंदा लीडरच्या मेसेजची शेवटची ओळ त्याने स्वतःहून बदललीय, 'पाणी माणशी तीन लिटर. सरबतवाल्यांशी भाव करू नये. वाद नको.'